शिरूर-दौंडमध्ये थेरपिस्ट शोधायचा कुठून?

अपघात, घरातली मारहाण, जवळच्याचा मृत्यू... महिने उलटले तरी झोप लागत नाही, तेच प्रसंग डोळ्यांसमोर येतात? मग मदत घ्या. शिरूर-दौंडसारख्या गावांत खरी धास्ती असते ती 'कुणी पाहिलं तर?' याची. म्हणून सुरुवात फोनवरून करा. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी 'टेली-मानस'चा नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. गरज असल्यास तिथून मानसोपचारतज्ज्ञांशीही जोडून देतात.

पुण्यातला थेरपिस्ट निवडलात तर ऑनलाइन सेशन होतं का, आधी विचारा. दर आठवड्याचा प्रवास झेपत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआय नोंदणी हवी, ती बिनधास्त मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, तुमची माहिती गुप्त ठेवावीच लागते. दोन-तीन सेशननंतरही मोकळं बोलता येत नसेल, तर थेरपिस्ट बदला. त्यात उद्धटपणा कसला?