पोर ड्रायव्हरचे, पैसा मालकाचा

एरवी मी तुमच्याशी खते, बियाणे आणि किडी याविषयी बोलतो. आज एका सिनेमाविषयी बोलणार आहे. सिनेमा जपानी, १९६३ सालचा, अकिरा कुरोसावा या नामवंत दिग्दर्शकाचा. नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’. मुलाने तो घरी लावून दिला आणि आम्ही उभयतांनी जागचे न हलता पाहिला.

गोष्ट योकोहामा शहरातली. गोंदो हा बुटांच्या कंपनीतला बडा अधिकारी, पण हाताने कातडे शिवत वर आलेला. कंपनी ताब्यात यावी म्हणून त्याने टेकडीवरचा बंगलासुद्धा गहाण टाकून पैसा उभा केला आहे. तेवढ्यात फोन येतो, ‘तुमचा मुलगा पळवला आहे, तीन कोटी येन द्या.’ गोंदो तात्काळ ‘देतो’ म्हणतो. आणि त्याचा मुलगा तर समोर येऊन उभा! दोन्ही पोरांनी खेळताना कपडे बदलले होते. पळवणाऱ्याने चुकून ड्रायव्हरचे पोर नेले. मागणी मात्र तीच आणि मालकाकडेच.

खरा सिनेमा इथे सुरू होतो. पैसे द्यावेत तर कंपनी, घर, सगळेच जाते. न द्यावेत तर पोर जाते. बायको ‘द्या’ म्हणते. ड्रायव्हर पाया पडतो. गोंदो ‘नाही’वर अडून बसतो.

आपल्याकडे सालगड्याचे पोर विहिरीत पडले तर मालक धोतरासकट उडी घेईल. तिथे विचाराला वेळच नसतो. गोंदोला मात्र हिशेब मांडायला अख्खी रात्र मिळाली. म्हणून त्याची परीक्षा अवघड.

दुसऱ्या दिवशी तो तयार होतो. पैशाच्या बॅगा पाण्यात टाकल्या तर वास सुटेल आणि जाळल्या तर रंगीत धूर निघेल, अशा पुड्या पोलीस आणतात. गोंदो आपली जुनी हत्यारे काढतो आणि जमिनीवर बसून स्वतः त्या पुड्या बॅगांत शिवतो. पुढे धावत्या रेल्वेच्या जेमतेम सात सेंटिमीटर उघडणाऱ्या खिडकीतून त्या बॅगा बाहेर टाकल्या जातात आणि पोर सुखरूप परत मिळते. एके दिवशी शहरातल्या धुरांड्यातून गुलाबी धूर निघतो. सगळा सिनेमा काळापांढरा, रंग तेवढा त्या धुराला! तिथून पोलीस माग काढतात. गुन्हेगार निघतो शिकाऊ डॉक्टर. खालच्या कोंदट खोलीतून तो रोज वरचा बंगला पाहत मनात जळत असे. पोलीस त्याला पकडतात, पैसाही सापडतो, पण उशिरा. तोवर गोंदोची नोकरी गेलेली असते आणि घराचा लिलाव झालेला असतो. तो एका लहानशा कारखान्यात पुन्हा बूट बनवू लागतो.

सिनेमा संपल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, ‘तुम्ही दिले असते का हो?’ मी पाणी पिण्याचे निमित्त करून उठलो.

अशी वेळ कोणावरही न येवो. पण तिची लहान रूपे आपल्या दारी रोज येतात. गड्याचे पोर तापाने फणफणले आहे आणि आपली पेरणी खोळंबली आहे. अशा वेळी गाडी आधी कुठे न्यायची? तीन कोटींचे राहू द्या, एवढ्या प्रश्नाचे उत्तर तरी आपल्याला चटकन देता यावे.