दुर्बिणीचे ऑपरेशन आणि धूसर पडदा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनचे डोळे पोटाकडे नव्हे, पडद्याकडे लागलेले असतात. स्कोपच्या, म्हणजे पोटात घातलेल्या दुर्बिणीच्या, टोकाची काच धूसर झाली की हात थांबवावाच लागतो.

गिरीज, भुईगाव हा वसईचा किनारपट्टा दमट. तेव्हा इकडे कॅमेऱ्यावर धुके जास्त धरत असणार, असे कुणालाही वाटेल. पण बाहेरच्या हवेचा इथे फारसा संबंध नाही. वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात तापमान साधारण २० ते २४ अंश असते, तर पोटाच्या आत ३७ अंश आणि हवा बाष्पाने जवळजवळ भरलेली. थंड काच आत शिरताच त्या बाष्पाचे दव तिच्यावर धरते. लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यातही हेच घडते. म्हणून मुख्य उपाय म्हणजे काच आधी गरम करणे. निर्जंतुक गरम पाण्याच्या थर्मासमध्ये स्कोपचे टोक बुडवून, कोरडे पुसून मग आत घालतात. दुसरा उपाय धुके रोखणाऱ्या द्रावणाचा. ते काच गरम करत नाही, पण ते लावल्याने पाण्याचे थेंब न बनता पातळ, एकसारखा थर पसरतो आणि त्यातून आरपार दिसते. पोट फुगवण्यासाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड थंड व कोरडा असतो. त्याची नळी कॅमेऱ्याच्याच पोर्टला (स्कोप व अवजारे पोटात घालण्याच्या नळीला) जोडली तर काच पुन्हा गार पडते. ती दुसऱ्या पोर्टला लावणे बरे.

धूसर दिसले म्हणजे धुकेच, हा समजही चुकीचा. कित्येकदा दोष डागाचा असतो. पोर्टच्या नळीत आतून रक्त लागलेले असते आणि पुसलेला स्कोप त्यातूनच जाताना पुन्हा माखतो. अशा वेळी काच दहा वेळा पुसून उपयोग नाही, नळी आतून स्वच्छ करावी लागते. यकृतावर किंवा आतड्याच्या आवरणावर टोक टेकवून काच पुसण्याची सवय वेळ वाचवते खरी, पण चरबीचा पातळ थर मागे राहू शकतो. कॉटरीचा (ऊतक जाळणाऱ्या विद्युत उपकरणाचा) धूर तर वेगळाच. तो पोर्टची तोटी किंचित उघडून किंवा शोषून बाहेर काढतात.

महागडा कॅमेरा घेतला की प्रश्न मिटतो, हा सर्वांत खर्चिक गैरसमज. ४के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीत सुमारे २१ लाख. पण माखलेल्या काचेपुढे दोन्ही सारखेच हतबल. दोष कधी प्रकाशाचाही असतो: प्रकाश वाहून नेणाऱ्या केबलमधले काचतंतू वापराने तुटत जातात. केबलचे एक टोक खोलीतल्या दिव्याकडे धरून दुसऱ्या टोकाकडे पाहिले तर तुटलेल्या तंतूंच्या जागी काळे ठिपके दिसतात. ही तपासणी फुकट आहे. सुरुवातीला पांढऱ्या गॉजवर कॅमेरा रोखून रंग जुळवणेही फुकटच. चित्र काळवंडले की प्रकाश वाढवायचा, हेही नेहमी बरोबर नसते: साठलेले रक्त प्रकाश शोषून घेते, तेव्हा आधी रक्त शोषून काढणे गरजेचे.

भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. त्या काळच्या कॅमेऱ्यांचे चित्र आजच्या मानाने फारच मर्यादित होते. आज वसईतल्या लहान रुग्णालयालाही त्याहून चांगले यंत्र मिळते; उरतो तो शिस्तीचा प्रश्न, आणि ती सर्जनइतकीच सिस्टर व स्कोप धरणाऱ्या मदतनिसाचीही लागते.

नातेवाइकांचा एक समज मात्र रुग्णाला थेट भोवू शकतो: दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन पोट उघडून पुरे केले, म्हणजे ते फसले. पित्ताशय काढताना त्याची नळी आणि रक्तवाहिनी नेमकी ओळखूनच कापायची असते. चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली तर गंभीर इजा होते. सूज, चिकटलेले भाग किंवा रक्तस्राव यांमुळे सगळे प्रयत्न करूनही तिथले स्पष्ट दिसत नसेल, तर पोट उघडणे हाच सुरक्षित मार्ग असू शकतो. संमतिपत्रावर सही घेताना ही शक्यता रुग्णाला आधीच समजावून सांगितली जाते.