भंगारातील दोन मुठींचे पाते

सुरगाण्याच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात आम्हाला एक अजब हत्यार दिसले. दीड वीत लांबीचे सरळ पाते, दोन्ही टोके काटकोनात वळवलेली आणि त्यांवर लाकडी मुठी. त्यातली एक फुटलेली. विकणारा म्हणाला, गवत कापायचे असेल. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी ते कातडे खरवडण्याचे ठरविले. अखेर ते किलोच्या भावाने तोलले गेले आणि आमच्या पिशवीत आले.

अनोळखी हत्यार हाती आले की आधी मुठी पाहाव्यात. जोर कोणीकडे लावायचा ते त्याच सांगतात. कातडे खरवडणाऱ्या सुरीच्या मुठी पात्याच्या रेषेतच असतात आणि पाते बहुधा बाकदार असते. इथे मुठी धारेच्या बाजूला वळलेल्या, म्हणजे हत्यार स्वतःकडे ओढायचे. धारेचा उतार एकाच अंगाला, म्हणजे काम लाकूड तासण्याचे. इंग्रजीत याला ड्रॉ नाईफ म्हणतात. चाकांचे आरे आणि पिंपांच्या फळ्या घडविणारे कारागीर ते वापरीत. पात्यावर गंज होता. तो रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू काढावा, कारण खाली कारखान्याचा शिक्का असू शकतो. शेफिल्डच्या विल्यम मार्पल्ससारख्यांची नावे अशा हत्यारांवर आढळतात. तीन रेघांचा बाण दिसला तर तो ब्रिटिश सरकारी मालाचा. आमच्या पात्यावर मात्र काहीच निघाले नाही, आणि पुढे ते विकायचे झाले तर आम्ही त्याला शेफिल्डचे म्हणणार नाही. मालाचा ऐब झाकून केलेला सौदा पुन्हा गिऱ्हाईक आणीत नाही.

आता त्याचे करायचे काय? ओळखीच्या एका लोहाराने मधोमध कापून दोन कोयते करून देतो असे सुचविले. आम्ही नको म्हटले, कारण काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून एक जुनी पटाशी अशीच वाया गेली होती. ग्राइंडरवर धार निळी पडेपर्यंत घासली आणि पोलादाचे पाणी उतरले. साधारण ३०० अंश सेल्सिअसला हा निळा रंग येतो. मग ती धार लाकडात टिकत नाही. शिवाय जुन्या हत्यारांत पुष्कळदा अंग मऊ लोखंडाचे आणि धारेपुरतीच पोलादाची पट्टी जोडलेली असते. पाते घासून लख्ख केले की जोडाची रेघ दिसते. पट्टी कापून टाकली तर उरते ते निव्वळ भंगार. खात्रीसाठी कानस फिरवून पाहावी: कडक पोलादावर ती घसरते, मऊ लोखंडात रुतते.

म्हणून आम्ही पाते जसेच्या तसे ठेवले आणि काम बदलले. सुरगाण्याकडे बांबूच्या टोपल्या, सुपे विणली जातात. बांबूच्या गाठी कोयत्याने सपाट करताना घाव खोल गेला तर बांबू फुकट जातो. हे पाते गाठ पापुद्र्या-पापुद्र्याने काढते. उतार खाली ठेवला तर ते खोल घुसत नाही, वर ठेवला तर लांब सरळ तासते. एक अडचण आहे. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते आणि धारेचा दगड जवळच ठेवावा लागतो. कुदळीचे, कुऱ्हाडीचे दांडे तासायलाही ते उत्तम. लाकूड धरायला पायाने दाबायचा लाकडी घोडा मात्र करावा लागतो, दोन्ही हात मुठींवर असतात ना!

फुटलेल्या मुठीच्या जागी धामणीचे लाकूड घेतले. छिद्र पाडून पात्याची शेपटी तापवून ठोकली. तापविताना पात्यावर ओले फडके गुंडाळून ठेवले होते, नाहीतर पाणी तिथेही उतरले असते.