‘ऑनर्स’चे चौथे वर्ष करायचे का? पालकांनी आधी समजून घ्या हे गणित

बारावीनंतर तीन वर्षे की पदवी हातात, हा हिशेब नव्या शैक्षणिक धोरणाने बदलला. आता तीन वर्षांनी, किमान १२० क्रेडिटवर, पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष करून किमान १६० क्रेडिट पूर्ण केले, तर ‘ऑनर्स’ पदवी मिळते.

वर्ष वाया जाते का?
एमए, एमएस्सी करायचेच असेल तर नाही. तीन वर्षांच्या पदवीनंतर ते दोन वर्षांचे, तर ऑनर्सनंतर एका वर्षात करण्याची सोय आहे. दोन्हीकडे एकूण पाचच वर्षे. पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल, तर मात्र एक वर्ष आणि त्याची फी वाढते.

७५ टक्क्यांची अट
‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. म्हणजे पहिल्या सत्राचे गुणही मोजले जातात. तिथे मूल घसरले, तर ओरडण्याआधी कारण विचारा: इंग्रजीतून शिकवणे, रोजचा प्रवास, की विषयच जड जातोय?

पालकांनी काय करावे?
- त्या विषयाचे चौथे वर्ष कॉलेजात आहे का, मार्गदर्शक आहेत का, प्रवेशावेळीच विचारा.
- ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये क्रेडिट जमा झाले का, हे दर सत्रानंतर मुलांना तपासायला सांगा.
- घरचे बजेट मुलांसमोर मोकळेपणाने मांडा. निर्णय त्यांना घेऊ द्या.

तीन वर्षांवर थांबणे हे अपयश नाही. तीही पूर्ण पदवीच आहे.