मण्याच्या पोटातलं औषध

मोटारसायकल घसरते, नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर येतं, जखमेत रस्त्याची माती जाते. ऑपरेशन होतं, रॉड बसतो, पेशंट घरी जातो. आणि काही महिन्यांनी त्याच जागी बारीक भोक पडून पू वाहू लागतो. घरचे म्हणतात, ‘हाडात पू झालाय.’ डॉक्टर कागदावर ऑस्टिओमायलायटिस लिहितात. सलाइनमधून दिलेलं अँटिबायोटिक तिथवर नीट पोचत नाही, कारण मेलेल्या हाडात रक्तवाहिन्याच उरलेल्या नसतात. डोस वाढवत न्यावा, तर जेंटामायसिनसारखं औषध मूत्रपिंडांना आणि कानांना इजा करतं.

अशा वेळी सर्जन सडलेलं हाड खरवडून काढतात आणि ऑपरेशनच्या टेबलाशीच मणी वळायला घेतात. बोन सिमेंटच्या भुकटीत अँटिबायोटिकची भुकटी मिसळायची, त्यावर द्रव ओतायचा आणि कणकेसारखा गोळा झाला की बोटांनी छोटे मणी वळून तारेत ओवायचे. गोळा हातात गरम होत जातो आणि काही मिनिटांत दगडासारखा होतो, त्यामुळे हात भराभर चालावे लागतात. ती माळ हाडाच्या पोकळीत बसवायची आणि वरून जखम शिवायची. जर्मनीत क्लाउस क्लेम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रुळवली. तिने असंख्य पाय वाचवले आहेत.

पण बोन सिमेंट हे ॲक्रिलिक प्लास्टिक आहे. ते शरीरात विरघळत नाही. मिसळलेल्या औषधातलं बरंचसं आतच अडकून पडतं, आणि वरचं औषध संपलं की तोच मणी जंतूंना घर करायला आयती जागा देतो. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा भूल, पुन्हा चिरफाड, माळ बाहेर. शिवाय हाडातली पोकळी राहते ती राहतेच.

मणी हाडाच्याच मातीचा केला तर? हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. हायड्रॉक्सीॲपटाइट या खनिजाचंच ते जवळचं भावंड, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. या खनिजाची भुकटी प्रयोगशाळेत बनवता येते. शरीर तिला परकं मानत नाही. हाडाच्या पेशी तिच्यावर सरळ चिकटून नवं हाड घालू लागतात. अशा पदार्थांना जैवसिरॅमिक म्हणतात, आणि त्यांचे अर्ध्या-एक मिलिमीटरचे किंवा त्याहून बारीक मणी करून त्यांत औषध, कधी जिवंत पेशीही, भरायच्या, असा हा सगळा उद्योग आहे.

मणी गोलच का, हा प्रश्न बाजूला टाकण्यासारखा नाही. फोडलेल्या खडीसारख्या कणांना धारदार कोपरे असतात. ते भोवतालच्या मांसाला टोचतात आणि हाडात सोडताना सुईत अडकतात. गोल मणी घरंगळत सुईतून उतरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सारख्या आकाराचे गोल ओतून हलवून दाटले, तरी सुमारे ३६ टक्के जागा त्यांच्यामध्ये मोकळी राहते आणि ती सगळी एकमेकींना जोडलेली असते. रक्तवाहिन्या आणि नवं हाड याच वाटांनी आत शिरतात. अर्ध्या मिलिमीटरचे तीन मणी एकमेकांना टेकले की मधून सुमारे ७७ मायक्रॉनची वाट उरते. हाडाला शिरायला शंभरेक मायक्रॉन बरे, म्हणून मणी थोडा मोठा घ्यावा लागतो.

आता हा मणी करायचा कसा? ज्यांनी दिवाळीत बुंदी पाडली आहे, त्यांना अर्धी कृती येतेच. तपकिरी समुद्री शेवाळातून अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ मिळतो. त्याच्या पाण्यात सिरॅमिकची भुकटी कालवून सरसरीत मिश्रण करायचं आणि ते सुईतून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचं. इथे तापलेलं तेल नाही, सगळं थंडच. तरी थेंब पाण्याला लागताच त्याच्यावर साय धरते आणि बघता बघता आतपर्यंत घट्ट मणी तयार होतो. अल्जिनेटच्या नागमोडी साखळ्या समोरासमोर येतात आणि त्यांच्या खळग्यांत कॅल्शियम बसतं, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसं. चुकाही बुंदीच्याच. सुई पाण्याच्या फार जवळ धरली तर थेंबाला गोल व्हायला वेळ मिळत नाही, शेपटी राहते. फार उंच धरली तर थेंब आपटून चपटा होतो. नुसता पडू दिलेला थेंब दोन-तीन मिलिमीटरचा भरतो. त्याहून बारीक हवा असेल तर सुईभोवती हवेचा झोत सोडतात किंवा सुईला हजारो व्होल्टचा विद्युतदाब देऊन थेंब लहान असतानाच खेचून घेतात.

मग मणी वाळवून भट्टीत जातो. पाच-सहाशे अंशांपर्यंत अल्जिनेट जळून जातं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. अकराशे-बाराशे अंशांवर भुकटीचे कण एकमेकांना चिकटतात आणि मणी आक्रसून कणखर होतो. जास्त भाजला तर भक्कम, पण छिद्रं बुजलेली; कमी भाजला तर सच्छिद्र, पण चिमटीत चुरा होणारा. मडकं भाजणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही.

खरी अडचण इथेच आहे. मण्याला बळ आगीतून मिळतं, आणि औषध काय, पेशी काय, त्या आगीत टिकत नाहीत. या क्षेत्रातली बहुतेक हुशारी या एका भांडणाची तडजोड करण्यात खर्ची पडली आहे.

सोपी तडजोड म्हणजे आधी भाजायचं, मग भिजवायचं. निर्वात दाबाखाली छिद्रांतली हवा काढून औषधाचा द्राव आत ओढून घेतात. पण जे सहज आत गेलं ते सहज बाहेरही येतं. पहिल्या दिवसातच निम्मं औषध सांडून गेलं तर कष्ट वाया. उपाय म्हणजे छिद्रं अतिसूक्ष्म करणं. २००१ मध्ये माद्रिदमध्ये मारिया वायेत-रेगी यांच्या गटाने सिलिकाच्या काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांत आयबुप्रोफेन भरलं आणि ते सावकाश बाहेर पडतं हे दाखवलं. त्यानंतर जैवसिरॅमिकमध्ये अशी छिद्रं पाडण्याचं काम जगभर सुरू झालं.

दुसरी वाट मला सर्वांत सुंदर वाटते. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या रोला इथे डेल्बर्ट डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोरेट काचेचे मणी घेतले आणि फॉस्फेटच्या पाण्यात ३७ अंशांवर, म्हणजे अंगाच्या उबेवर, भिजत ठेवले. काच आतून विरघळत गेली, कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेरच्या बाजूला साचत गेलं आणि शेवटी हाती आला हायड्रॉक्सीॲपटाइटचा पोकळ मणी, मूळच्या गोलाईला धक्का न लागलेला. आग सुरुवातीलाच उरकली. पोटातली पोकळी औषधाला, हाड वाढवणाऱ्या प्रथिनालाही, मोकळी.

याच डे यांनी आधी एक असं औषध निवडलं होतं, ज्याला आगीची भीतीच नव्हती: यिट्रियमचा अणू. तो काचेतच वितळवायचा, काच कुटून ज्वाळेतून सोडायची म्हणजे कण वितळून आपोआप गोल होतात, आणि मग अणुभट्टीत ठेवून त्यांना किरणोत्सारी करायचं. वीस-तीस मायक्रॉनचे हे मणी यकृताच्या धमनीतून सोडले की तिथल्या कर्करोगाच्या गाठीच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तिथूनच मारा करतात. मारा सरासरी अडीच मिलिमीटरपर्यंत पोचतो आणि दर ६४ तासांनी निम्मा होतो. अमेरिकेत या उपचाराला १९९९ मध्ये मर्यादित आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने असेच मणी ‘भाभास्फिअर’ नावाने तयार केले आहेत. आपल्या रुग्णांना परवडावं म्हणून इथे झालेलं हे काम आपल्याला माहीत असायला हवं.

पेशींचं प्रकरण अजून अवघड आहे. पेशी मण्यावर वाढवता येतात हे नेदरलँड्समध्ये व्हॅन वेझेल यांनी १९६७ मध्येच दाखवलं. लशी बनवताना ते तंत्र वापरात आलं. भाजलेल्या मण्यावर मूळपेशी रुजवून तो हाडात सोडता येतो. न भाजलेल्या अल्जिनेटच्या मण्यात पेशी जिवंत कोंडताही येतात. पण रक्तवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रॉनपलीकडे प्राणवायू पुरत नाही, आणि मोठ्या मण्याच्या मधल्या पेशी गुदमरतात. म्हणून हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांतच आहे.

विरघळणारे मणी मात्र आजही मिळतात. प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भट्टीशिवाय घट्ट होतं, त्यात अँटिबायोटिक थेट कालवता येतं आणि काही आठवड्यांत ते विरघळून जातं. हाडात पू झालेला कुणी घरात असेल तर सर्जनना विचारा, मणी विरघळणारे आहेत की सिमेंटचे. आणि सिमेंटचे असतील तर, पाय बरा वाटू लागला तरी, माळ काढायची तारीख चुकवू नका.