धडा बसने, प्रश्न लहरींवरून

गडचिरोलीहून सिरोंच्याला निघालेल्या एस.टी. बसमध्ये एक विद्यार्थी बसला आहे. त्याच्या खिशात ६४ गिगाबाइटचा एक पेनड्राइव्ह आहे. अंतर दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. वाटेतले थांबे धरून प्रवासाला सहा तास लागतात असे मानू. आता प्रश्न असा : ही बस दर सेकंदाला किती माहिती वाहून नेते?

हिशोब सोपा आहे. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे खिशात ५१२ अब्ज बिट आहेत. सहा तासांचे सेकंद २१,६००. भागाकार केला की उत्तर येते सेकंदाला सुमारे २ कोटी ३७ लाख बिट, म्हणजेच जवळजवळ २४ मेगाबिट. सिरोंचा किंवा भामरागड तालुक्यातल्या एखाद्या आतल्या गावात मोबाइलवर हा वेग मिळाला तर तिथले लोक पेढे वाटतील! चुंबकीय फितींनी भरलेल्या मोटारीचा असाच दाखला संगणकशास्त्राच्या वर्गात फार पूर्वीपासून देतात. आम्ही मोटारीच्या जागी आपली लाल बस घेतली इतकेच.

पण बसचा एक मोठा दोष आहे. विद्यार्थ्याने पेनड्राइव्हमधले व्याख्यान ऐकले, त्याला एक शंका आली आणि ती त्याने चिठ्ठीवर लिहून परतीच्या बसने पाठवली, तर ती पोहोचायला सहा तास आणि उत्तर यायला आणखी सहा तास. म्हणजे माहिती वाहण्याची क्षमता भरपूर, पण उत्तर मिळायला लागणारा वेळही भरपूर. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. आपण मात्र दोन्हींना 'नेटचा स्पीड' असे एकच नाव देतो आणि तिथेच घोटाळा होतो.

२०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि सगळे शिक्षण एकदम फोनवर आले. तेव्हा आम्हीही तास घेतले आहेत. पहिली दहा मिनिटे 'आवाज येतो का?' यात जात. पुढे साथ ओसरली, पण तो अनुभव विरला नाही. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संमिश्र अध्यापनाचा एक मसुदा काढला. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात शिकवावा अशी कल्पना होती. कोणता भाग ऑनलाइन आणि कोणता वर्गात, हे ठरवायचे कसे? टक्केवारीतून ते कळत नाही. आमच्या मते त्याची कसोटी वरच्या बसच्या हिशोबात आहे : ज्याला लगेच उत्तर लागत नाही ते बसने जाऊ द्यावे, ज्याला लागते ते लहरींवरून जावे आणि ज्याला हात लावावा लागतो ते जागेवरच करावे.

एक तासाच्या व्याख्यानाची साधारण प्रतीची चित्रफीत सेकंदाला ५०० किलोबिट या दराने केली, तर ती सुमारे २२५ मेगाबाइट भरते. त्याच व्याख्यानाचा नुसता आवाज सेकंदाला ३२ किलोबिट या दराने साठवला, तर साडेचौदा मेगाबाइटांच्या आतच मावतो. आणि दहा पाने मजकूर? पानावर दोन हजार अक्षरचिन्हे धरली आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट धरले, तर अवघे ६० किलोबाइट. आता फोनचा दिवसाचा वाटा संपला आणि वेग सेकंदाला ६४ किलोबिटांवर आला असे समजा. चित्रफीत उतरवायला पावणेआठ तासांहून अधिक लागतील, ध्वनिफितीला अर्धा तास आणि मजकुराला साडेसात सेकंद. वर्गात हे गणित फळ्यावर जरूर करून घ्या. अर्ध्या तासात संमिश्र अध्यापनाचे निम्मे शास्त्र विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

झाडीपट्टीत हा वेग कमी का पडतो, याचेही भौतिकशास्त्र पाहण्याजोगे आहे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. मोबाइलच्या मनोऱ्याकडून येणारी लहर जवळजवळ जमिनीलगत प्रवास करते, म्हणजे तिला पानाफांद्यांच्या दाट थरातून वाट काढावी लागते. पानांतले पाणी लहरींची ऊर्जा शोषते, फांद्या ती विखुरतात. कंप्रता जितकी जास्त, तितका हा ऱ्हास अधिक. साग उन्हाळ्यात पानगळ करतो आणि पावसाळ्यात पुन्हा भरगच्च होतो. म्हणून एकाच जागी उभे राहून एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये फोनवर लहरींची तीव्रता मोजली, तर फरक दिसायला हवा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ही तीव्रता डेसिबलच्या एककात वाचता येते. अकरावीच्या मुलांना वर्षभराचा प्रकल्प म्हणून हे मोजमाप फार छान आहे, आणि त्याला खर्चही नाही.

उपग्रहाची गोष्ट वेगळी. तो विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला 'एज्युसॅट' हा आपला केवळ शिक्षणासाठी बनवलेला उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर उभा होता. गडचिरोलीतून तो क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच दिसला असता, अर्थात डोळ्यांना दिसत असता तर! इतक्या वरून येणाऱ्या लहरीला जंगलाचा अडथळा जवळजवळ नाही. छपरावर तबकडी लावली आणि शेजारचे एखादे झाड टाळले की झाले. जोराचा पाऊस मात्र या लहरींनाही क्षीण करतो. शिवाय लहर वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. वर्गात हा उशीर जाणवतो, पण चालून जातो.

एज्युसॅटच्या आधीच्या चाचण्यांसाठी देशातली तीन विद्यापीठे निवडली होती. कर्नाटकातले विश्वेश्वरय्या, मध्य प्रदेशातले राजीव गांधी तंत्रविद्यापीठ आणि आपले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. एज्युसॅटची सेवा २०१० मध्ये संपली. यंत्रे थकतात, त्यात नवल नाही. पण त्याने जी गोष्ट आणली ती महत्त्वाची होती : परतीची वाट. त्याआधी १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर अनुदान आयोगाचा 'देशव्यापी वर्ग' दिसत असे. त्याचे कार्यक्रम पुण्यासह अनेक विद्यापीठांतली माध्यमकेंद्रे मिळून तयार करीत. कार्यक्रम उत्तम असत, पण ते बहुतांश इंग्रजीत, आणि पाहणाऱ्याला हात वर करायची सोय नाही. तो बसचाच एक प्रकार झाला, फक्त फार वेगवान बसचा.

आता मुक्त विद्यापीठाकडे पाहू. १९८९ मध्ये राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली ते सुरू झाले तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. त्यांनी मराठीत स्वयंअध्ययनाची पुस्तके लिहून घेतली आणि अभ्यासकेंद्रे बहुधा दुसऱ्या विद्यापीठांना जोडलेल्या महाविद्यालयांतच उघडली. पुस्तक नाशिकहून टपालाने येई आणि शंका सोडवायला गावातलाच प्राध्यापक रविवारी भेटे. दोन विद्यापीठे एकाच इमारतीत, एकाच बाकांवर! संमिश्र अध्यापन हे नाव कोणी दिले नव्हते, पण वस्तू तीच होती.

मुंबईच्या आय.आय.टी.ने पुढे हीच कल्पना तंत्रशिक्षणात फार मोठ्या प्रमाणावर वापरली. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने तिथे अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा होत. व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित होई आणि देशभरातल्या महाविद्यालयांतली दूरस्थ केंद्रे ते घेत. पण प्रयोगशाळेचे काम त्या त्या केंद्रातच, तिथल्या समन्वयकाच्या देखरेखीखाली चाले. हे समन्वयक आधी काही दिवस पवईला राहून सगळे प्रयोग स्वतः करून गेलेले असत. आम्हाला या योजनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते. प्रक्षेपणाची यंत्रे पैसे टाकले की मिळतात. आधी स्वतः करून पाहिलेला माणूस प्रत्येक गावात असणे, हे मात्र पैशांनी साधत नाही.

भाषेचा प्रश्नही याच संस्थेतल्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पाने सुबकपणे सोडवला. दहा-एक मिनिटांची छोटी चित्रफीत करायची आणि तिच्यातला आवाज वेगळा काढून मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुन्हा भरायचा. पडद्यावरचे चित्र तेच राहते आणि भाषा आपली होते. या फिती इंटरनेटशिवायही चालतात. गडचिरोलीत घरी माडिया किंवा गोंडी, बाजारात मराठी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याच्या काही गावांत बंगाली आणि बी.एस्सी.चे पुस्तक इंग्रजीत अशी स्थिती आहे. तिथे आवाज चित्रापासून सुटा असणे ही चैन नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठात होती. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि ती तिकडे आली. लहान महाविद्यालयात एका विषयाला एक-दोन शिक्षक असतात. त्यांनी सगळ्या शाखा सारख्याच ताकदीने शिकवाव्यात ही अपेक्षा चुकीची आहे. म्हणून मोठ्या विद्यापीठांची व्याख्याने इकडे यावीत, हे सर्वांना पटते. पण देवाणघेवाण इतकीच असेल तर तिला सहकार्य म्हणता येणार नाही. इकडून काय जाईल?

पुष्कळ काही जाईल. विद्यापीठाच्या नावापासूनच सुरुवात करा. भूशास्त्रात 'गोंडवन' हे नाव प्रथम मध्य भारतातल्या खडकांच्या थरांना मिळाले आणि पुढे ऑस्ट्रियाच्या सुएसने ते प्राचीन महाखंडाला दिले. चंद्रपूरचा कोळसा याच थरांतला. सिरोंच्याच्या उत्तरेला प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. (राजस्थानातले शिकवण्यांचे कोटा नव्हे.) त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'कोटा' खडकसमूह ज्युरासिक काळातला आहे. त्यात माशांचे जीवाश्म सापडतात, आणि नदीपलीकडे तेलंगणात याच खडकांत 'बारापासॉरस' या प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडली. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे.

म्हणजे खडक सिरोंच्याला, सांगाडा कोलकात्याला आणि महाखंडांच्या सरकण्याचे गणित शिकवणारा प्राध्यापक कदाचित मुंबईला. या तिघांचा मिळून एक अभ्यासक्रम केला तर? महाखंडांवरची व्याख्याने पेनड्राइव्हमधून सगळीकडे जातील. सांगाड्यासमोर उभे राहून शास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा थेट बोलतील, तासभर, फक्त प्रश्नांसाठी. त्याला नुसता आवाज पुरे, म्हणजे कमी वेगातही चालेल. आणि थर मोजणे, नमुन्यावर क्रमांक घालणे, नदीकाठचा उभा छेद वहीत काढणे हे सिरोंच्याचे विद्यार्थी करतील व त्यांचे छेद कोलकाता-मुंबईचे विद्यार्थी वापरतील. सिरोंच्याचा विद्यार्थी इथे घेणाऱ्या टोकाला बसलेला नाही.

वनस्पतिशास्त्रातही तसेच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबू किती तोडावा म्हणजे बेट टिकते, हा पुस्तकी प्रश्न तिथे पोटापाण्याचा आहे. त्या बेटांची मोजणी शिकवायला पुण्याहून चित्रफीत मागवण्यात काय अर्थ?

गुणांचे कसे, असे शिक्षक विचारतील. 'स्वयम्' या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन जुलै २०१७ मध्ये झाले. त्यावरचे अभ्यासक्रम निरनिराळ्या विद्यापीठांतले प्राध्यापक तयार करतात, आणि दुसऱ्या विद्यापीठाचा विद्यार्थी त्यांचे श्रेयांक आपल्या पदवीत मिळवू शकतो. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. या २०१६ च्या नियमांतली एक अट फारशी वाचली जात नाही. ज्या संस्थेचे विद्यार्थी असा अभ्यासक्रम घेतात, त्या संस्थेने प्रयोगशाळा, संगणक व ग्रंथालय विनामूल्य उपलब्ध करून द्यावे आणि विद्यार्थ्यांना अखेरपर्यंत मार्गदर्शन करण्यासाठी एक समन्वयक नेमावा, असे तीत म्हटले आहे. प्रात्यक्षिके घेण्याचे कामही त्याच्याकडेच आहे. म्हणजे जागेवरच्या माणसाची तरतूद कागदावर आहेच.

आमच्या ओळखीच्या एका महाविद्यालयात एक तरुण प्राध्यापिका हे काम करीत होत्या. शनिवारी दुपारी दोन ते चार त्या मुलांना बसवीत. आठवड्याची चित्रफीत संगणककक्षात उतरवून ठेवलेली असे. ती पाहताना मुलांनी काढलेल्या शंका एका वहीत लिहिल्या जात आणि संध्याकाळी बाई त्यांचा फोटो काढून चर्चेच्या पानावर टाकीत. पहिल्या आठवड्यात तीन शंका होत्या, सहाव्या आठवड्यात वही पुरेना. वर्षअखेरीला त्यांनी हे तास आपल्या कार्यभारात धरावेत म्हणून अर्ज केला, तेव्हा वेळापत्रकात अशा तासांसाठी रकानाच नसल्याचे त्यांना सांगण्यात आले. पुढच्या वर्षीही त्या शनिवारी येत राहिल्या. रकान्यासाठीचा अर्जही त्यांनी पुन्हा केला आहे.