‘तो विसरला असेल’ म्हणता येतं ना? मग फ्रेंचमधला फ्युचर परफेक्टही येईल

फ्रेंच शिकणाऱ्या कुणालाही विचारा, गाडी कुठे अडते? पहिले काही महिने मजेत जातात. बोंझूर, मेर्सी, स्वतःची ओळख, कॅफेतली ऑर्डर. मग काळ सुरू होतात. आणि बी१ पातळीच्या आसपास समोर येतो ‘फ्युत्युर आंतेरिअर’, म्हणजे इंग्रजीतला फ्युचर परफेक्ट.

आता हे फक्त हौशी लोकांचं दुखणं राहिलेलं नाही. अकरावी-बारावीला अनेक जण फ्रेंच घेतात. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझच्या वर्गांना नोकरदार येतात. कॅनडाला कायमचं जायचं असेल तर फ्रेंचच्या परीक्षेतल्या मार्कांना वजन आहे, म्हणून तिशीतली मंडळीही क्रियापदं पाठ करताना दिसतात.

अडचण अशी की आपल्याकडे फ्रेंच बहुतेकदा इंग्रजीतून शिकवतात. ‘आय विल हॅव फिनिश्ड’ हे वाक्य आपण इंग्रजीतही क्वचितच वापरतो. म्हणजे आधीच परक्या वाटणाऱ्या रचनेवरून दुसरी परकी रचना शिकायची. खरं तर त्यासाठी मराठीच जास्त कामाची आहे.

रचना एका ओळीत

‘उद्या या वेळेपर्यंत ती पोहोचलेली असेल.’ या वाक्यात दोन तुकडे आहेत. ‘पोहोचलेली’ सांगतं की क्रिया पूर्ण झाली. ‘असेल’ सांगतं की हे पुढच्या काळातलं आहे. फ्रेंचमध्येही तेच, फक्त क्रम उलटा. आधी ‘असेल’, मग ‘पोहोचलेली’. एल सरा आरिव्हे.

फरक एवढाच की मराठीत ‘असणे’ एकटं सगळं काम करतं. फ्रेंचमध्ये ते दोघांत वाटलेलं आहे. एक ‘आव्ह्वार’, म्हणजे जवळ असणे. दुसरं ‘एत्र’, म्हणजे असणे. बहुतेक क्रियापदं आव्ह्वार घेतात.

आव्ह्वारचं भविष्यकाळातलं रूप लक्षात ठेवायला महाराष्ट्रात राहणाऱ्याला फार कष्ट नाहीत. ‘ती’ म्हणजे ‘एल’, आणि तिच्यापुढचं रूप ‘ओरा’. दोन्ही एका दमात म्हणा. एलोरा! हो, वेरूळचंच. आणि ‘पार्ले’ म्हणजे बोललेलं. त्यामुळे ‘एलोरा पार्ले’ हे लेणी आणि बिस्किटाचं पॅकेज नसून ‘ती बोललेली असेल’ असं शुद्ध फ्रेंच वाक्य आहे.

बाकीच्या रूपांनाही घाबरायला नको. मी म्हणजे ‘झोरे’, तू ‘ओरा’, तो किंवा ती ‘ओरा’, आम्ही ‘ओरों’, तुम्ही ‘ओरे’, ते ‘ओरों’. नीट ऐका. व्यक्ती सहा, पण कानाला आवाज तीनच: ओरे, ओरा, ओरों. एत्रचंही तसंच: सरे, सरा, सरों. लिहिताना मात्र प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, त्यामुळे बोलण्याच्या परीक्षेत सुटलेला माणूस लेखी पेपरात सापडतो. (इथले देवनागरी उच्चार जवळपासचे आहेत. फ्रेंच ‘र’ घशातून येतो, तो ऐकूनच शिकावा लागतो.)

नकार द्यायचा असेल तर? मराठीत नकार ‘असेल’ला चिकटतो आणि ‘नसेल’ होतं. फ्रेंचमध्येही नकार त्याच शब्दाला दोन्ही बाजूंनी धरतो. ‘त्याला समजलं नसेल’ म्हणजे इल नोरा पा कोंप्री.

आव्ह्वार की एत्र? ‘ने’ला विचारा

खरी गोची इथे आहे. वर्गात एत्र घेणाऱ्या दीडेक डझन क्रियापदांची यादी पाठ करायला देतात. जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, चढणे, उतरणे, आत जाणे, बाहेर पडणे, परतणे, थांबणे, पडणे, बनणे, जन्मणे, मरणे वगैरे. यादी पाठ करावीच लागते. पण मराठी माणसाकडे एक चाचणी फुकटात आहे.

वाक्य ‘तो’ धरून मराठीत म्हणा. ‘त्याने’ आलं, तर फ्रेंचमध्ये आव्ह्वार. ‘त्याने चिठ्ठी लिहिली असेल’: इल ओरा एक्री ला लेत्र. ‘तो’ तसाच राहिला, तर यादी तपासा. ‘तो गेला असेल’: इल सरा आले. (हो, फ्रेंचमध्ये ‘आले’ म्हणजे गेले. यावर कितीही हसलात तरी उत्तर बदलत नाही.)

या चाचणीची खरी कमाल दिसते ती दोन्हीकडे खेळणाऱ्या क्रियापदांत. ‘मोंते’ हे त्यातलं एक. ‘तो वर गेला असेल’ म्हणजे इल सरा मोंते. पण ‘त्याने बॅग वर नेली असेल’ म्हणजे इल ओरा मोंते ला व्हालीज. क्रियापद तेच, पण बॅग आली आणि एत्र जाऊन आव्ह्वार आलं. ‘सोर्ती’चंही असंच. ‘तो बाहेर पडला असेल’ला सरा, ‘त्याने गाडी बाहेर काढली असेल’ला ओरा. पाठ्यपुस्तकात हे अपवाद म्हणून चौकटीत छापतात. मराठीत आपण तो फरक लहानपणापासून न चुकता करतो.

दोन इशारे. ‘तो झोपला’, ‘तो धावला’ यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंच तिथे आव्ह्वारच वापरतं, कारण ही क्रियापदं यादीत नाहीत. म्हणजे ‘ने’ नसला की निकाल लागत नाही, फक्त यादी उघडायची. आणि क्रिया स्वतःवरच होत असेल, म्हणजे दाढी करणे, दात घासणे, तर मराठीत ‘ने’ असला तरी फ्रेंचमध्ये एत्र येतं.

लिंग-वचनाची भानगड

इंग्रजीतून आलेल्यांना हा भाग जड जातो, आपल्याला जाऊ नये. ‘तो गेला असेल, ती गेली असेल, त्या गेल्या असतील’ हे आपण झोपेतही बरोबर म्हणतो. एत्र असेल तेव्हा फ्रेंचही असंच बदलतं. स्त्रीलिंगाला शेवटी ‘ई’ हे अक्षर, अनेकवचनाला ‘एस’. बहुतेक वेळा ते ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना राहून जातं.

आव्ह्वार असेल तेव्हा गंमत आहे. ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ यात मराठी क्रियापद चिठ्ठीमागे जातं, त्याच्यामागे नाही. फ्रेंचही कर्मामागे जातं, पण एका अटीवर: कर्म आधी आलेलं हवं. ‘इल ओरा एक्री ला लेत्र’ यात चिठ्ठी नंतर आली, म्हणून ‘एक्री’ तसंच राहिलं. पण ‘चिठ्ठी ना, ती त्याने लिहिली असेल’ असं म्हणायचं झालं की ‘ला लेत्र, इल लोरा एक्रीत’. शेवटचा ‘त’ कानाला स्पष्ट ऐकू येतो. लिहिण्याच्या ओघात हा नियम फ्रेंच लोकांकडूनही चुकतो, तेव्हा एकदा चुकलात तर फार मनाला लावून घेऊ नका.

एका ठिकाणी मात्र मराठी फसवते. ‘मी काम संपवलेलं असेल’ यात ‘असेल’ कामाचं ऐकतं. फ्रेंचमध्ये ‘ओरे, ओरा’ नेहमी कर्त्याचंच ऐकतात. काम काहीही असो, मी असेन तर ‘झोरे’.

‘पोहोचलास की फोन कर’

रोजच्या बोलण्यात हा काळ सर्वात जास्त लागतो तो इथे. घरून निघताना आई सांगते, ‘पोहोचलास की फोन कर.’ पोहोचणं अजून व्हायचंय, तरी मराठीत रूप भूतकाळाचं. फ्रेंचला हे चालत नाही. गोष्ट पुढे घडायची आहे ना, मग ती भविष्यातच सांगा, असा त्याचा हट्ट. ‘कां त्यु सरा आरिव्हे, आपेल-म्वा.’ शब्दशः, ‘तू पोहोचलेला असशील तेव्हा मला फोन कर.’

साधा भविष्यकाळ का नाही? चालतो, पण अर्थ बदलू शकतो. ‘कां त्यु मांझरा’ म्हणजे जेवशील तेव्हा. ‘कां त्यु ओरा मांझे’ म्हणजे जेवून झाल्यावर. औषध जेवताना घ्यायचं की जेवल्यावर, हे या एका रूपावर ठरतं. मराठीत ‘झाल्यावर’ किंवा ‘झालं की’ असेल आणि गोष्ट पुढची असेल, तर फ्रेंचमध्ये बहुधा हाच काळ लागेल असं धरून चाला. अपवाद ‘जर’चा. जर म्हणजे ‘सी’, आणि अशा अटीत ‘सी’नंतर भविष्यकाळ येत नाही. तिथे ‘सी त्यु आ फिनी’ एवढंच.

अंदाज की निकाल?

‘अजून आला नाही? गाडी चुकली असेल.’ इथे भविष्याचा काही संबंध नाही, आपण झालेल्या गोष्टीचा अंदाज बांधतोय. फ्रेंच याच रूपात अंदाज बांधतं. इल ओरा राते सों त्रँ. इल ओरा उब्लिये, विसरला असेल. आपण निदान ‘गेला असेल’ आणि ‘गेलेला असेल’ असा थोडा भेद करतो. फ्रेंच तोही करत नाही, ‘उद्यापर्यंत’सारख्या शब्दांवरून ओळखायचं.

पण बातमीच्या फ्रेंचमध्ये याच रूपाचा आणखी एक वापर आहे, आणि तो भाषांतर करणाऱ्याला हमखास पाडतो. लांबलेली टेनिस मॅच संपल्यावर पत्रकार लिहितो, ‘ल माच ओरा द्युरे सँक अर.’ आपण सरळ भाषांतर करतो, ‘मॅच पाच तास चालली असेल.’ चूक. त्याला अंदाज करायचाच नाहीये. सगळं आटोपल्यावर मागे वळून हिशोब मांडायचा आहे: ‘मॅच अखेर तब्बल पाच तास चालली.’ मोठा कलाकार गेल्यावर येणाऱ्या लेखांतही हेच रूप दिसतं. ‘इल ओरा मार्के सों एपॉक’ म्हणजे त्याने आपल्या काळावर ठसा उमटवला. तिथे ‘उमटवला असेल’ लिहिलं, तर आदरांजलीत थेट शंका घेतल्यासारखं होतं. म्हणून फ्रेंच बातमीत ‘ओरा’ दिसला की आधी बघायचं, लिहिणारा अंदाज बांधतोय की निकाल सांगतोय. निकाल असेल, तर मराठीत ‘असेल’ काढून टाकायचं.